चुन्याची डबी म्हणू नका

"दोरा मशिनीत अडकतोय म्हणं! मग इतकी वर्सं कसा अडकला न्हाई तो?"

"तुला गिरणीतलं काय कळतंय गं?"

"गिरणीतलं न्हाई कळत. तुमचं कळतंय."

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरनं झालं. बोलणारी नीलम्मा. भिताडाकडं तोंड करून बसलेला तिचा नवरा चन्नवीर, सोलापूरच्या गिरणीत माग चालवणारा. आणि मी त्याची जुनी चांदीची डबी, लिंबाएवढी, तवा खिळ्याला टांगलेली.

माझ्या पोटात त्याचं इष्टलिंग असायचं. जन्मला तवा स्वामींनी बांधलेलं. लिंगायत माणूस, गडी असो की बाई, आपापलं लिंग अंगावरनं उतरवत न्हाई. अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, मग जेवायचं. लिंग अंगावर नसलं तर घास गिळायचा न्हाई. नियम साधाच हाय, पण पाळायला छाती लागते.

मला घडवलं ते दुष्काळ सरला त्या साली. चन्नवीर गिरणीत कायम झाला, म्हणून त्याच्या आईनं, पार्वतम्मानं, पायातले तोडे मोडले आणि मला करून घेतलं. त्याआधी लिंग कापडात असायचं. "आता मानानं घाल," म्हणाली. सोनारानं घासून घासून असं चमकवलं मला, की गल्लीतल्या बायका हातात घेऊन बघायच्या. लई मिरवले मी तवा.

मग ती कँटीनमधली दुपार आली. सिद्धनाथ जॉबर, म्हंजी मागवाल्यांचा मुकादम, माढ्याकडचा गडी. तोंडाचा फाटका, पण मनानं वाईट न्हाई. तंबाखू तळव्यावर घेऊन म्हणाला, "चन्नवीरा, गळ्यातली डबी काढ की. चुना दे जरा."

सगळी टेबलं हसली.

देव हाय, एवढंच म्हणायचं हुतं. एवढंच! माझ्या मालकानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि दात काढून म्हणाला, "संपलाय चुना. उद्या भरून आणतो."

अजून हशा. दुसऱ्या दिवशी गेटवरच हाळी, "चुनेवाले आले!" चार-आठ दिवस त्यानं सोसलं. मग गिरणीला जाताना मला खिळ्यावर ठेवायला लागला. बायकोला सांगितलं, दोरा मशिनीत अडकतोय. आणि तिकडं चारचौघात बसून खुशाल जेवायचा.

नीलम्मा मात्र तो येऊन मला गळ्यात घालीपर्यंत भाकरीला शिवायची न्हाई. "तुमी मोडताय, तर मी पाळते. घरात एकानं तरी पाळाय पायजे." तिच्या पोटातली गुरगुर मी खिळ्यावरनं ऐकायची. असा राग यायचा, मित्रांनो! पण डबीला तोंड असतंय, जीभ कुठली?

त्या भांडणानंतर सिद्धनाथच्या लेकाचं बारसं झालं. गिरणीला सुट्टी, म्हणून मी गळ्यात हुते, नीलम्मा बी संगं हुती. सिद्धनाथची आई सोनाबाई माझा दोरा बघून हसली. "ह्योच व्हय तो चुनेवाला? आन सुनबाई, तुज्या गळ्यात बी चुनाच हाय का काय?"

बायका फिदीफिदी हसल्या. चन्नवीर बी हसला, मी बघितलं.

नीलम्मा हसली न्हाई. तिनं गळ्यातल्या कापडाची गाठ सोडली, लिंग तळहातावर घेतलं आणि सगळ्यांपुढं हात धरला. आवाज सुदिक चढवला न्हाई. "आजी, ह्यो माजा देव हाय. चुना टपरीवर मिळतोय."

पाळणा हलवणारी बाई सुदिक थांबली. सोनाबाईनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. "चुकलं गं बाई."

सिद्धनाथ उठून आला. "चन्नवीरा, लेका, मी मस्करी केली. तू देव हाय म्हणला असतास तर तितंच कान धरला असता की मी. चुना तर तूच म्हणलास!"

चन्नवीर जेवणाच्या पानावरनं तसाच उठला.

घरी येऊन त्यानं लिंग बाहेर काढलं. नीलम्माच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, त्यात बांधून गळ्यात घातलं. आता गिरणीत बी काढत न्हाई. लोक हसू देत, न्हाई तर गप बसू देत. हे मला पटलं. पण मला घेऊन तो आज सोनाराकडं निघाला.

"अवो, डबीनं काय केलंय?" नीलम्मा दारात आडवी झाली. "आत्तीच्या तोड्यांची हाय ती. त्या तरी आता कुठं हाईत?"

"हिला बघितलं की मला माजाच आवाज ऐकू येतोय, नीला."

ती दारातनं बाजूला झाली.

मित्रांनो, मला राग हाय, पण त्याच्यापेक्षा वाईट जास्त वाटतंय. मी देवाचं घर हुते. माझं नाव कुण्या परक्यानं न्हाई बदललं, घरच्यानंच बदललं. तुमच्या गळ्यात, कपाळावर, घरात जे काय असंल, त्याचं खरं नाव चारचौघात सांगत जावा. लोक हसतील, मग गप बसतील. आपणच खोटं नाव सांगितलं की ते पुसाय लई अवघड. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूला...

सोनारानं मूस तापवलीय. हात पुढं केलाय त्यानं. मला जाय पायजे आता.