डोळे!

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सदतीस फोटो आहेत आणि सदतीसच्या सदतीस फोटोंत आमच्या ह्यांचे डोळे मिटलेले आहेत. जेवताना मिटलेले, वहीत सही करताना मिटलेले. एकात तर माझ्याकडे तोंड करून उभे आहेत, मी लाजून वर बघतेय आणि हे मस्त झोपेत! अडतीस वर्षं झाली, पण पाहुणे आले की माझी मोठी नणंद तो अल्बम काढायला लावते आणि ठरलेलं वाक्य टाकते, "माझ्या भावाने हिला डोळे मिटून केली गं! उघडे असते तर केली असती का?"

सगळे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? लागतं. हे तोंडाने चार शब्द बोलणारे नव्हेत. बघतात तेही ताटाकडे नाहीतर जमिनीकडे. कधीकधी वाटायचं, बाई चेष्टा करते, पण खोटं कशावरून?

गेल्या वर्षी लेकीने तिचा जुना कॅमेरा मला देऊन टाकला आणि मी वाचनालयातल्या हौशी लोकांच्या फोटोच्या वर्गाला जायला लागले. वर्गात मीच सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत बडबडी. आमचे सर हुशार. म्हणायचे, "आधी आहे तो उजेड बघा. खिडकीचा, दाराचा, मिळेल तो. नाहीच पुरला तर फ्लॅश. आणि फ्लॅश म्हणजे मीठ, घातलंय हे कळलं की जास्त झालं." वर्षअखेरीला वाचनालयाच्या भिंतीवर प्रदर्शन ठरलं. विषय, 'घरातलं माणूस'. प्रत्येकाचा एकच फोटो. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत सरांकडे पोचला पाहिजे.

मी तिथल्या तिथे ठरवलं. ह्यांचाच. उघड्या डोळ्यांचा. भिंतीवर. आणि नणंदबाईंना हाताला धरून त्याच्यासमोर उभं करायचं.

अहो, पण माणूस वश होईल तर शपथ! हे वेल्डर. उजाडायच्या आत कारखान्यात आणि अंधार पडल्यावर घरी. मग घरात उजेड कुठला? फ्लॅश लावला की डोळे गच्च. रविवारी खिडकीजवळ खुर्ची टाकून बसवलं. काय सुंदर उजेड होता! एका गालावर ऊन, दुसऱ्यावर मऊ सावली, अगदी सर सांगतात तस्सा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "डोळे! डोळे उघडे ठेवा हं!" झालं. मिटले. सव्वीस वेळा ओरडले, सव्वीस वेळा मिटले. न बोलता काढला असता तर जमलं असतं म्हणे. पण न बोलता एखादी गोष्ट करणं माझ्या जिभेला ठाऊक नाही.

"मुद्दाम करता तुम्ही!" मी शेवटी किंचाळले.

"आपोआप होतं गं," हे म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर सटकले.

गुरुवार उजाडला तरी माझ्याकडे फोटो नव्हता. मग मी पण हट्टाला पेटले. दुपारी तीनला कॅमेरा, फ्लॅश आणि एक पांढरी चादर पिशवीत कोंबली आणि थेट कारखाना गाठला. अडतीस वर्षांत मी फाटकाच्या आत गेले नव्हते. डबा विसरले तर फाटकावरच्या माणसाकडे द्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच.

आत सहा माणसं होती. लांबलचक शेड, भिंती धुराने काळ्या आणि एका टोकाला हत्ती आत जाईल एवढं उघडं दार. त्या दारातून असा उजेड आत येत होता म्हणून सांगू! हे एका शाळेच्या जिन्याचा कठडा जोडत होते. मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"अगं, इथे कुठे?"

"फोटो काढायला. मुकाट्याने उभे राहा."

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "डोळे!"

आणि काय झालं ते कळायच्या आत ह्यांचा रापलेला तळवा माझ्या डोळ्यांवर आला. धाप्पकन. पलीकडे चर्र-चर्र आवाज झाला, जळक्या लोखंडाचा वास आला. हात बाजूला झाला तेव्हा बघते तर हे स्वतः डोळे गच्च मिटून उभे! शेडमधल्या प्रत्येकाने डोळे तरी मिटले होते, नाहीतर तोंड तरी फिरवलं होतं. जो ओरडला होता तो तेवढा काळी काच तोंडापुढे धरून वाकला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"ठिणगी टाकायच्या आधी ओरडायचं. जवळच्यांनी मिटायचे. नाहीतर रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. पंधराव्या वर्षी कामाला लागलो तेव्हा एकाने न ओरडता टाकली होती. तीन दिवस आंधळा होतो. तेव्हापासून तो शब्द कानावर पडला की आपोआप मिटतात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "थांबा थांबा! आणि लग्नातला तो फोटोवाला?"

"तो दिवसभर तेच ओरडत होता ना, 'डोळे, डोळे!'"

"अहो, मग अडतीस वर्षांत बोलला का नाहीत?"

"तू कधी विचारलंस? तू सांगत होतीस, मुद्दाम करतो म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे हा माणूस झोपेत नव्हता, कंटाळला नव्हता, तोंड फिरवत नव्हता. सांगितलेलं ऐकत होता! आणि मी रविवारी सव्वीस वेळा... जाऊ द्या.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी कामाला लागले. दाराकडे पाठ करून उभं केलं तर चेहरा काळा ठिक्कर. दाराकडे अर्धं वळवलं तर एक बाजू झकास उजळली, पण दुसरी त्या काळ्या भिंतींत बुडाली. चिमूटभर मीठ लागणार होतं. शिडीवर चादर टाकली, फ्लॅशचं तोंड चादरीकडे फिरवलं, म्हणजे उजेड तिच्यावर आपटून मऊ होऊन येईल. आणि या खेपेला ओठ घट्ट मिटून, एक अक्षर न बोलता, बटण दाबणार होते, पण त्याआधी चाचणी म्हणून फ्लॅश एकदा उडवला.

अरे बापरे! शेडमध्ये जो काय गलका उडाला! "कोणी टाकली? न ओरडता कोणी टाकली?" मिस्त्री हातातली पक्कड घेऊनच धावत आले. सगळ्यांत जुने, सगळ्यांचे गुरू. मी कॅमेरा दाखवला, हा साधा उजेड आहे, याने काही होत नाही म्हणाले. पण ते ऐकायला तयार नाहीत.

"वहिनी, डोळे मिटलेल्याला कसं कळणार कुठला उजेड साधा आणि कुठला नाही? इथे न ओरडता चमकायचं नाही. नियम म्हणजे नियम."

आली का पंचाईत! न ओरडता फ्लॅश उडवायचा नाही आणि ओरडले की आमच्या ध्यानाचे डोळे बंद. इकडे आड, तिकडे विहीर. साडेचार झाले. दारातला उजेड सरकत सरकत कठड्यावरून खाली उतरायला लागला. हे बिचारे कान पाडून म्हणाले, "राहू दे गं. फुलाबिलाचा फोटो दे."

"फूल माझ्या घरातलं माणूस आहे का?" मी खेकसले. आणि खेकसता खेकसता माझी नजर गेली त्या पलीकडच्या माणसाकडे. तो पुन्हा "डोळे!" म्हणून ओरडला, सगळ्यांनी मिटले, पण तो स्वतः मात्र काळ्या काचेतून कामाकडे टक लावून बघत होता.

"अहो, जो ओरडतो तो डोळे मिटतो का?"

"तो कसा मिटेल? ओरडणाऱ्याने बघायलाच हवं. नाहीतर जोडाचा टाका बसणार कुठे?"

"मग ओरडा!"

"आं?"

"मी नाही, तुम्ही ओरडा! माझ्याकडे बघून ओरडा. पलीकडे टाका बसवायचाय असं समजा आणि काच खाली ठेवा. मिस्त्री, तुमचा नियमही राहिला, काय?"

मिस्त्री खो खो हसले आणि बाकीच्या चौघांना हाका मारून ह्यांच्या मागे उभं केलं. "नियमच आहे तर सगळ्यांनी पाळू या!"

मी कॅमेरा डोळ्याला लावला. एका गालावर दाराचं ऊन, दुसरीकडे चादर तयार. ह्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात घरात काढला नाही असा आवाज काढला.

"डोळे!"

मी बटण दाबलं.

"आला का वहिनी?" मागून मिस्त्रींनी विचारलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"माहीत नाही हो," मी म्हणाले. "माझेही मिटले."

खरंच मिटले होते. हे ओरडले आणि माझे आपोआप मिटले. एकाच दुपारी सवय लागली होती! धावत सावलीत गेले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर हात धरला. मागे पाच दांडगे पुरुष, पाचांचे डोळे बाळासारखे गच्च. आणि पुढे हे. तोंड अर्धवट उघडं, एका गालावर ऊन, दुसऱ्यावर चादरीचा हलका उजेड आणि डोळे टक्क उघडे. माझ्याकडे. नजर इतकी सरळ की मला पडद्यासमोरसुद्धा पदर सावरावासा वाटला.

हे मागून डोकावले. "बरा आलाय का?"

मला बोलता येईना. मला! मी नुसती मान हलवली.

पावणेपाचला फोटो फोनवर घेऊन सरांना पाठवला. तिथूनच, त्या ठोकाठोकीतच, नणंदबाईंना फोन लावला.

"ताई, तुमच्या भावाने मला चांगली बघून केलीय. पुरावा आहे माझ्याकडे. उद्या भिंतीवर लागेल."

पलीकडून हसू. "बरं बाई, हरले. पण तू गं? तू तरी बघून केलंस का?"

मी वळून पाहिलं. हे परत कठड्यापाशी वाकले होते. माझ्याकडे बोट करून कोणाला तरी सांगत होते, आमची आहे, तिच्याकडे लक्ष ठेव. मग त्यांनी काच उचलली आणि ओरडले, "डोळे!"

"मी होय?" मी फोनवर म्हणाले आणि माझे डोळे आधीच मिटलेले होते. "मी डोळे मिटून."