नांदेडची वाट मोहरवाडीवरून

मोहरवाडीचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, त्यात एक बोर्ड, आणि बोर्डात खुपसायच्या दोऱ्या. तिथला ऑपरेटर वैजीनाथ. बाहेर जायला तारा दोनच, एक पालमला आणि एक परभणीला. विद्यापीठाच्या नामांतरावरून आज बंद, उद्या मोर्चा असे ते दिवस. एसटी कधी थांबेल याचा नेम नसे, म्हणून लोक फोनवर विसंबत. पण गावात फोनच मोजके. वैजीनाथचा दिवस जांभया देण्यात जाई आणि त्याचं त्याला मनातून वाईट वाटे.

मग तिसरी तार आली, थेट नांदेडची.

रोज सकाळी आजूबाजूचे ऑपरेटर एकमेकांना सांगत, आमच्याकडून अमुक गाव मिळेल, तमुक आज बंद. जो जे सांगेल त्या भरवशावर बाकीचे आपले कॉल त्याच्याकडे धाडत. टेलिफोन खात्याच्या साहेबांनी वैजीनाथला बजावलं होतं, "नांदेडची वाट फक्त पालमला सांगायची. परभणीला आपल्या गावापुरतं सांगायचं, नांदेडला त्यांची वेगळी लाईन आहे." वैजीनाथने मान डोलावली होती.

पण दुसऱ्या सकाळी परभणीचा पंडित कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बोला मोहरवाडी, काय हाय तुमच्याकडं?" ते 'काय हाय' वैजीनाथला झोंबलं.

"नांदेड हाय," तो म्हणाला. "थेट."

पंडितचा आवाज एकदम खुलला. "आमची नांदेडची, पूर्णेकडची लाईन तर कायम भरलेली. मग आमी तुमच्याकडूनच घेताव, वैजीनाथराव."

आजवर त्याला 'राव' कोणी लावलं नव्हतं. बायकोसुद्धा 'ओ' म्हणून भागवायची.

पंडितने हे सोनपेठला सांगितलं, सोनपेठने आणखी पुढे. दुपारपर्यंत अर्ध्या जिल्ह्याचं नांदेड मोहरवाडीवरून जायला लागलं. सरकीचे भाव, कुणाची चोरीला गेलेली म्हैस, कुणाच्या नवरदेवाच्या कोटाचं माप. वैजीनाथ घामाघूम होऊन दोऱ्या खुपसत होता आणि मनातून फुलला होता. बायकोने, वच्छलाबाईने, पाठवलेला डबा तसाच पडून होता.

तेवढ्यात गावचे मोठे शेतकरी आबासाहेब आत आले. "नांदेडच्या पाव्हण्यांना लाव. आमच्या रुख्मिणीला बघायला उद्या यायलेत. तिची माय माहेरी गेलीय, घरात सैपाकाला कुणी न्हाई. पुढच्या आठवड्यात या म्हणायचंय."

"लाईनवर माणूस हाय, आबासाहेब."

"कोण?"

"सोनपेठचा सरकीवाला."

"आपल्या तारेवर सोनपेठचा सरकीवाला काय करायलाय?"

सरकीवाला संपला की म्हैसवाला, तो संपला की आणखी कुणी. आबासाहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला तसा वैजीनाथ गांगरला. त्याने परभणी, पालम, नांदेड, सगळ्यांना एका दमात सांगून टाकलं, "मोहरवाडी बंद. आमच्याकडं काईच न्हाई."

बोर्ड एकदम गप्प झाला. आबासाहेबांचा फोन लगेच लागला. पाहुणे बाहेर गेले होते. "आल्यावर तेच फोन करतील," घरचं कुणीतरी म्हणालं. असला निरोप तिसऱ्याजवळ ठेवणं बरं नव्हे, म्हणून आबासाहेब 'बरं' म्हणून खुशीत गेले. संध्याकाळपर्यंत एकही कॉल आला नाही. काय शांतता आहे, असं म्हणत वैजीनाथने डबा खाल्ला. इथून बाहेर फोन जातो, पण बाहेरच्यांच्या लेखी आपलं गावच नाहीसं झालंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी देवळापुढे जीप येऊन थांबली. तिच्यातून नांदेडची माणसं उतरतच राहिली.

"फोन कराव म्हणलं तर मोहरवाडी बंद हाय म्हणत्यात," पोराचा चुलता आबासाहेबांना म्हणाला. "काय झालं कुणास ठाऊक, म्हणून काळजीनं दोन माणसं जास्तच आणली."

आबासाहेबांनी फक्त एक्स्चेंजच्या खिडकीकडे पाहिलं.

वैजीनाथने दोरी उचलली. पालमला सांगितलं, आमचं गाव आणि नांदेड. नांदेडला सांगितलं, आमचं गाव आणि पालम. परभणीला सांगितलं, आमचं गाव.

"आणि नांदेड?" पंडितने विचारलं.

"तुमाला आमच्याकडून न्हाई."

"असं काय करता वैजीनाथराव."

"सोनपेठलाबी तसंच कळवा," वैजीनाथ म्हणाला आणि घराकडे पळाला.

वच्छलाबाईने सगळं ऐकून घेतलं. तिने पदर खोचला आणि परात काढली. धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी. वैजीनाथने आबासाहेबांच्या ओसरीवर पंगत वाढली. चुलत्याने धपाट्यांवर असा हात मारला की दही संपलं तरी तो थांबेना.

"पोरीच्या हाताला चव हाय," पोराची आई म्हणाली.

आबासाहेब मिशीतल्या मिशीत हसले. पण रुख्मिणी दारातूनच म्हणाली, "वच्छलाकाकूनं केलेत. मला नुसता च्या येतो."

आबासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"खरं तरी बोलती," पोराची आई म्हणाली. "सैपाक काय, आमी शिकवूत. आण तुझा च्या."

चहा झाला, सुपारीही तिथेच फुटली.

रिकामी भांडी डोक्यावर घेऊन वैजीनाथ बायकोच्या मागे निघाला. ती अख्ख्या वाटेत झपाझपा पुढेच चालत राहिली. घरी आल्यावर तिने फडक्यात गुंडाळून ठेवलेलं एक धपाटं त्याच्यापुढे केलं. ते त्याने उभ्याउभ्याच खाल्लं, हात धोतराला पुसले आणि तो बोर्डावर जाऊन बसला.