पिशवीला बांधलेली उजवी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादे आजोबा नाहीतर चुकार म्हैस उभी राहिली असेल. त्यातली मी नव्हे. पायांना लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून माणसे बर्फावरून घसरत जातात, तेव्हा दोन्ही हातांत एकेक काठी धरून जमिनीला रेटा देतात. अशा जोडीतली मी उजवी. डावी ही माझी जुळी बहीण. सध्या आम्ही दोघी नॉर्वेच्या डोंगरातल्या एका लाकडी झोपडीत, एकाच खिळ्याला टांगलेल्या आहोत, आणि गेले वर्षभर डावी माझ्याशी धड बोलत नाही. का, ते येईलच पुढे. माझा स्वभाव चिडका आहे, हे मात्र आधीच कबूल करून टाकते.

मी बांबूची. कुठल्या तरी उष्ण देशातून जहाजात आडवी पडून आले. खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला आचेवर शेकून सरळ केले, खाली लोखंडी टोक बसवले, आणि बर्फात रुतून बसू नये म्हणून टोकाच्या वीतभर वर वेताची चकती बांधली. वर मनगटात अडकवायला चामड्याची वादी. एकोणीसशे बासष्ट साली आस्मुंड नावाच्या तरुणाने आम्हाला घेतले आणि गुडवेग नावाच्या मुलीला दिले. अंगठी त्याने नंतर दिली. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

त्याच वर्षी ईस्टरच्या शनिवारी गुडवेग आम्हाला घेऊन पहिल्यांदा ग्रोहूवावर चढली. ग्रोहूवा म्हणजे झोपडीमागचा डोंगर. माथ्यावर दगडांची मोठी रास आहे, राशीत पत्र्याचा डबा, डब्यात वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. राशीला हात लावायचा आणि मग वहीत नाव लिहायचे. हात न लावता नाव लिहिणाऱ्याचे आमच्या खोऱ्यात कोणी तोंड पाहणार नाही. पहारेकरी कोणी नसतो, पण तसे कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. गुडवेगने नाव लिहिले आणि पुढे आकडा घातला, एक.

त्यानंतर एक वर्ष चुकले नाही. थोरल्या मुलाच्या वेळी सातवा महिना होता, तरी चढली. एका वर्षी धुक्यात स्वतःच्या स्कीची टोके दिसत नव्हती. वही भरली की नवी यायची, पण गुडवेगचा आकडा चालूच राहायचा. लोक म्हणायचे, दम आहे बाईत. दम पायांत असतो आणि रेटा काठीत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. कौतुकाच्या वेळी काठ्या नेहमी बाहेर भिंतीला टेकवलेल्या असतात.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत मला उभी चीर गेली. आस्मुंड म्हणाला, "टाकून दे आता. ॲल्युमिनियमची घेऊ." गुडवेगने ऐकले नाही. तिने चिरेत सरस भरला, डांबर लावलेला दोरा वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळला आणि मला माळ्यावर आडवी ठेवली. सहा आठवडे हात लावायचा नाही. पाचव्या आठवड्यात आस्मुंड माळ्यावर डोकावला.

"झाली असेल की गं आता."

"खाली उतर," ती म्हणाली. "हाड काय नि बांबू काय, घाई केली की वाकडं जुळतं."

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. तिने ठेवले नाही.

पन्नासाव्या वर्षी काय झाले ते आता सांगते. ईस्टर तीन आठवड्यांवर आला होता. गुडवेग सकाळी वर्तमानपत्र आणायला अंगणात गेली. अंगणभर काचेसारखा बर्फ. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे दाराशीच टांगलेले होते, पण वीस पावलांसाठी कोण लावतो? ती पडली आणि उजवे मनगट मोडले. आयुष्यभर डोंगर पालथे घातलेली बाई वर्तमानपत्रासाठी पडली. खोऱ्यात कोणी विचारले की ती नुसती डोंगराकडे बघून सुस्कारा सोडायची. ऐकणारा काय समजायचे ते समजायचा.

डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातले आणि सांगितले, सहा आठवडे स्की नाही.

"स्की पायांना बांधतात," गुडवेग घरी येऊन म्हणाली. "पाय ठणठणीत आहेत माझे."

"आणि पडलीस तर?" आस्मुंडने विचारले.

"पन्नासावं आहे, आस्मुंड. एकोणपन्नासावर थांबायला मी काही एवढी वर्षं चढले नाही."

झाले. ईस्टरला आम्ही सगळे झोपडीत हजर. सोबत तिचा धाकटा भाऊ हाल्स्टाइन होता. त्याची चार वर्षे चुकलेली आहेत, आणि ते त्याला दरवर्षी ऐकवले जाते.

शनिवारी सकाळी मेण लावण्यावरून सुरुवात झाली. स्कीच्या तळाला मेण लावतात. कोणते लावायचे ते बर्फावर ठरते, आणि ते चुकले तर दिवस गेला. गुडवेगची रीत अशी, की बाहेर जाऊन उघड्या उजव्या मुठीत बर्फ दाबायचा. गोळा होतो की भुगा, ते बघून ती मेण सांगायची. यंदा ती मूठ प्लॅस्टरात. तिने डाव्या हाताने दाबून पाहिले आणि वैतागून झटकून टाकले. "या हाताला काही कळत नाही," ती म्हणाली. मग आस्मुंडने भिंतीवरचा तापमापक पाहिला आणि तिन्ही जोड्यांना ओल्या बर्फासाठीचे, नळीतले चिकट मेण फासले. तापमापक उन्हातल्या भिंतीवर आहे. तो खोटे सांगतो हे पोरासोरांना ठाऊक आहे. मी खिळ्यावरून सगळे बघत होते. पण मला विचारतो कोण?

मग हातमोजा. प्लॅस्टरवर तो चढेना. शेवटी आस्मुंडचा लोकरीचा पायमोजा हातावर चढवला. डावीला गुडवेगने हातात घेतले. मला वाटले, मी घरी राहणार. तेवढ्यात तिने मला स्वतःच्या पाठपिशवीला उभी बांधायला लावले.

"ताई, काठीला पाठुंगळी नेणारी तूच पहिली," हाल्स्टाइन म्हणाला.

"जोडी मोडायची नाही," ती म्हणाली. "तुझी चार वर्षं मोडली तेवढी पुरेत."

मित्रांनो, मी कामाची काठी. एकोणपन्नास वेळा मी तो डोंगर रेटला, आणि पन्नासाव्यांदा सामान म्हणून निघाले. माझे टोक वर आले होते. भूर्जाच्या रानातून जाताना ते दर फांदीत अडकायचे आणि फांदीवरचा बर्फ गुडवेगच्या मानेवर पडायचा. "ही मेली आज नुसती आडवी येतेय," ती पुटपुटली. मी आडवी येते? मला बांधले कोणी? रागाने माझा जुना दोरा करकरला.

सगळ्यात वाईट दुसरेच होते. दर पावलाला तिचा प्लॅस्टरचा हात सवयीने पुढे यायचा आणि हवेला रेटा द्यायचा. डावी एकटी टेकत होती. गुडवेग वाकडी होऊन चढत होती, आणि उजवीकडे, जिथे मी असायला हवे होते, तिथे काहीच नव्हते. मी दोन वितींवर होते आणि काही करू शकत नव्हते.

रान संपले आणि वर कोरडा नवा बर्फ लागला. चिकट मेणाने आपले काम केले. स्कीच्या तळाला बर्फाचे गोळे धरायला लागले. असे झाले की एका पायावर उभे राहून, दोन्ही काठ्यांचा आधार घेऊन, दुसरी स्की खरवडायची असते. दोन्ही काठ्यांचा. गुडवेगने एक पाय उचलला, डावीवर भार दिला, झोकांडी गेली आणि उजव्या अंगावर पडली. प्लॅस्टरवर. मीही बर्फात तोंड खुपसून पडले.

ती ओरडली नाही. उठून बसली, एवढेच. दोघे धावत आले. हाल्स्टाइनने संत्रे काढून तिच्या हातात दिले, कारण ईस्टरला डोंगरावर बसले की संत्रे खायचे असते. एका हाताने तिला ते सोलता येईना. तिने ते लांब भिरकावून दिले आणि मग ती रडली. दुखल्यामुळे नव्हे, संतापाने. मला तो संताप अगदी ओळखीचा वाटला.

आस्मुंडने पायमोजा काढला. तिची दोन बोटे मेणासारखी पांढरी पडली होती.

"बोटं हलव."

"हलवतेय."

"नाही हलत, गुडवेग."

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग डाव्या हाताने वर दाखवून म्हणाली, "वीस मिनिटं राहिलीत. ती बघ रास, दिसतेय."

मग हाल्स्टाइनने विचारले, "ताई, झोपडीच्या दारावरची पाटी कोणी रंगवली?"

"मी."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

"गप रे."

"वाच ना. आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलीस."

"वेळेत माघारी फिरा, त्यात लाज नाही," ती म्हणाली. जणू शिवी देत होती.

आस्मुंडने तिची बोटे आपल्या काखेत धरली. बराच वेळ गेला. "ठणकतायत," ती म्हणाली. "मग जिवंत आहेत," आस्मुंड म्हणाला. बोटे गुलाबी झाली, हलली. बोटे कोरड्या लोकरीत गुंडाळून हाल्स्टाइन तिला हळूहळू खाली नेणार, असे ठरले.

"मी पटकन जाऊन तुझं नाव लिहून येतो," आस्मुंड म्हणाला.

"खबरदार," गुडवेग म्हणाली. "हात न लावता नाव? पन्नास वर्षांत कोणी लिहिलं नाही, आणि सुरुवात आपल्या घरातून?"

मग तिने पाठपिशवी पुढे ओढली आणि माझी गाठ डाव्या हाताने आणि दातांनी सोडवली. मला आस्मुंडकडे दिले. "हिला ने. हिचं एकही वर्ष चुकलेलं नाही. ही तरी का थांबावी?"

डावी तिला खाली उतरायला हवी होती. डावी खाली गेली.

आस्मुंडने वादीत हात वरून घातला. हात खालून घालायचा असतो, म्हणजे भार मनगटावर येतो. पन्नास वर्षांच्या संसारात हे त्याला बायकोकडून शिकता आले नाही. मी सगळा चढ कुरकुरत चढले. मागे वळून पाहिले की उतारावर दोन ठिपके दिसायचे, आणि त्यातला एक दर थोड्या वेळाने थांबून वर बघायचा. मला तिच्या हातात वर जायचे होते. असे नको होते.

माथ्यावर आस्मुंडने माझे टोक राशीला टेकवले. खट्ट आवाज झाला. मग त्याने स्वतः हात लावला, डबा उघडला, पेन्सिल घेतली आणि बराच वेळ विचार केला. आधी आपले नाव लिहिले. त्याच्याखाली लिहिले: गुडवेगची उजवी काठी. पन्नासावे वर्ष. मालकीण वीस मिनिटे खाली, सुखरूप.

वहीत काय लिहिले ते त्याने घरी कोणाला सांगितले नाही.

पडल्यामुळे प्लॅस्टर तडकले होते. ते बदलावे लागले आणि सहा आठवड्यांचे नऊ झाले. उन्हाळाभर गुडवेग रबराचा चेंडू दाबत बसली. पानगळीत एकदा झोपडीत आली, मला खिळ्यावरून काढले, वादीत हात खालून घातला आणि जमिनीवर भार दिला. तिचा चेहरा आक्रसला. "अजून नाही," ती म्हणाली आणि मला परत टांगले. आधी मी चिडले. मग आठवले, माळ्यावरून आस्मुंडला खाली उतरवताना तिचा आवाज असाच होता.

गेल्या आठवड्यात पुन्हा ईस्टर झाला. मेण तिने स्वतः ठरवले, उजव्या मुठीत बर्फ दाबून. मी उजवीकडे, डावी डावीकडे, जशा असायला हव्यात तशा. राशीला हात लावून तिने वही उघडली, आपली जागा शोधायला पाने चाळली आणि गेल्या वर्षाच्या पानावर थांबली.

"आस्मुंड, हे काय आहे?"

"खोटं एक अक्षर नाही त्यात," तो म्हणाला.

तिने पेन्सिल उजव्या हातात धरली. अक्षर आता थोडे तिरके येते. आपले नाव लिहिले आणि पुढे घातले, पन्नास. त्याखाली लिहिले: उजवी काठी, एक्कावन्न.

मित्रांनो, म्हातारीचे एक ऐका. हात मोडला तर त्याला बसू द्या. डोंगर कुठे जात नाही, वही कुठे जात नाही. आम्ही वस्तूही कुठे जात नाही, नुसत्या खिळ्यावर कुरकुरतो. चिरलेल्या बांबूला तिने जे सहा आठवडे दिले, तेवढे स्वतःच्या हाडाला दिले असते तर पुढचे तीन वाचले असते. तुमच्याकडून कोणी घाई करवत असेल, तर त्याला माळ्यावरून खाली उतरवा.

आकड्याचे म्हणाल, तर मी तिच्या एक वर्ष पुढे गेले, आणि त्यात मला काही आनंद नाही. ते वर्ष मी परत द्यायला तयार आहे. डावीला हे रोज सांगते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणते, "एक्कावन्नवाल्यांनी बोलू नये."