चाळीसपैकी चाळीस

उत्कर्षाने तिसऱ्यांदा आकडे पाहिले. चाळीस रानपोपट, चाळीसही आजारी.

ओटावातल्या तिच्या प्रयोगशाळेत दूरच्या एका बेटावरून पोपटांची पिसं आली होती. चोच वेडीवाकडी करणारा, पिसं झडवणारा विषाणू त्यांच्यात आहे का, एवढंच तिला सांगायचं होतं. नसेल तर शनिवारी हे पोपट शेजारच्या बेटावर नवी वस्ती करायला सोडणार होते. असेल तर बेतच रद्द.

टोस्ट खाता खाता नऊ वर्षांची ऊर्मी आईच्या लॅपटॉपमध्ये डोकावली. "मॉम, ऑल फॉर्टी?"

"हो गं."

"दॅट्स वीअर्ड. आमच्या क्लासमध्ये एवढा फ्लू आला, तरी प्रणव एकदाही खोकला नाही. आणि तो तर नाक स्लीव्हला पुसतो!"

उत्कर्षा हसली, आणि हसता हसता थांबली. साथ कितीही मोठी असो, कोणी ना कोणी सुटतंच. मग इथे एकही का सुटू नये?

तिला फ्रीजरमधली एक कुपी आठवली. पकडलेला पोपट क्षणभर कापडी पिशवीत ठेवतात. मिलिंद, तिचा तिथे गेलेला विद्यार्थी, याने एक धुतलेली, रिकामी पिशवी कापसाने पुसून तो कापूसही पाठवला होता. आधी पिसं उरकू, म्हणून तिने तो मागे ठेवला होता. त्या दिवशी तिने तो तपासला. रिकाम्या पिशवीतही विषाणू हजर!

तिने लगेच फोन लावला. "मिलिंद, पिशव्या कशा धुतोस?"

"रोज संध्याकाळी, मॅम. साबण लावून. एकदम चकाचक!"

"सगळ्या एकाच बादलीत?"

"हो, इथे पाणी कमी आहे ना. रेस्क्यू सेंटरमधल्या आजारी पोपटांच्या पिशव्यापण त्यातच... बाप रे. मॅम, मीच लागण केली का त्यांना?"

"माहीत नाही. साबणाला हा विषाणू भीक घालत नाही. पण तो नुसता पिसांवर बसलाय की अंगात शिरलाय, हे रक्तच सांगेल. पिशव्या नव्या घे, प्रत्येकाला वेगळी. सहा आठवड्यांनी त्यांचं रक्त घे, ताजी लागण रक्तात दिसायला तेवढा वेळ लागतो. आणि तोंड पाडू नकोस. तो कापूस मागे ठेवणारी मीच."

बेटावरच्या वन्यजीव कचेरीला तिने कळवलं : शनिवारी नको, पण रद्दही करू नका.

सहा आठवड्यांनंतरचं रक्त आलं. सदतीस निरोगी, तीन आजारी. ते तीन आधीचेच की बादलीचे, हे मात्र शेवटपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. मिलिंदने तिघांच्या पायातल्या कड्यांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. सदतीस पोपट होडीतून पलीकडे गेले.

"आणि ते थ्री?" ऊर्मीने विचारलं.

"त्यांच्या जुन्या बेटावरच राहतील. काही पोपट यातून आपले आपण बरे होतात."

"कुठले होतात? हाऊ डू दे नो?"

उत्कर्षाने खुर्ची जवळ ओढली. "ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. बस, मला काय वाटतं ते सांगते."