फेट्यांचं गणित

आमच्या दाजींच्या भावकीतली माणसं तशी मोठ्या मनाची आहेत. उसाला पाण्याची पाळी मागा, देतील. अडीअडचणीला रक्त मागा, दवाखान्यात रांग लावतील. फक्त लग्नात फेटा बांधताना नको त्या माणसाचं नाव आपल्या आधी मायकवर पुकारलेलं त्यांना चालत नाही. मी लोणंदचा मास्तर, नवरीचा मामा, म्हणजे या भावकीच्या बाहेरचा. मला स्वतःला मानापानाचं काहीच वाटत नाही, म्हणून हे सगळं मी मोकळेपणानं सांगू शकतो.

दाजींच्या थोरल्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नात आधी भावकीतल्या नानासोंचं नाव पुकारलं गेलं आणि मग उदयसिंहांचं. उदयसिंह फेटा न बांधताच उठले. त्यांच्या मागं त्यांचं सगळं घर उठलं आणि वाढलेली पानं तशीच राहिली. तेव्हापासून त्या घराशी येणं-जाणं बंद. शेताला शेत लागून, बांध एक, पण दाजी आणि उदयसिंह समोरासमोर आले की दोघंही मोबाईल कानाला लावतात. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे, बनुबाईचे यजमान नाथाजी. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बर्फात पहारा दिलेला माणूस. पण धाकट्या अंकिताचं लग्न ठरलं आणि त्यांची झोप उडाली.

"मास्तर, घरातलं ह्ये शेवटचं कार्य," ते मला म्हणाले. "उदय आवंदा जेवला न्हाई तर मग कवा जेवणार? माज्या तेराव्यालाच."

हे बोलताना त्यांनी तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. उदयसिंह आणि ते एका वर्गात होते, एका सायकलवर पलूसला शाळेत जायचे.

आमची अंकिता सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवते. माणसांच्या आवडीनिवडी एकमेकींशी भांडत असतील तर निर्णय कसा घ्यायचा, यावर तिचं संशोधन चाललेलं आहे. कॉलेजात परीक्षेचं वेळापत्रकही तीच बसवते. कुणाचे दोन पेपर एका वेळी आले, असं तिच्या हातून अजून झालेलं नाही. बापाची दशा बघून ती म्हणाली, "आप्पा, आपण याचं मॉडेल करू."

दाजींना फौजेतलं वाळूचं मॉडेल तेवढं ठाऊक. ते उठले, घमेलंभर वाळू आणली आणि ओसरीत ओतून हातानं सपाट केली. "हां, दाव आता. दुश्मन कुठं हाय?"

पोरीनं हसू दाबलं आणि वाळूत तीन सुपाऱ्या ठेवल्या. नानासो, वयानं सगळ्यांत मोठे. उदयसिंह, थोरल्या पातीचे, म्हणजे भावकीतल्या थोरल्या शाखेचे. आणि दिग्विजय, वयानं लहान, पण गावच्या देवाची पालखी पहिल्यांदा थांबते ती त्याच्या दारात. म्हणजे तिघांकडेही पहिलं असण्याचं आपापलं कारण होतं आणि तिघांचंही कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आमंत्रणाच्या निमित्तानं तिन्ही घरी गेली. बरोबर मी होतो. तिनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, कुणाच्या आधी तुमचं नाव आलंच पाहिजे?

नानासो म्हणाले, "उदय थोरल्या पातीचा. त्यो म्होरं गेला तर जाऊ दे. पर दिग्याच्या मागं मी न्हाई. त्याला मी खांद्यावर घेऊन जत्रंत फिरवलाय."

दिग्विजयनं तर कानाला हात लावले. "नानासोआबांच्या म्होरं मी कसा जाईन? पर उदयकाकांच्या मागं बसलो तर पालखीचा मान गेला म्हणून घरातलं बोलत्यात."

उदयसिंहांकडे जाताना मी मुद्दाम पोरीच्या मागं राहिलो. पण पोरीवर त्यांचा राग नव्हता. चहा पाजला, बुंदी दिली. म्हणाले, "पालखीचा मान देवाचा, त्यावर माजं काय म्हननं न्हाई. पर नानासो धाकल्या पातीचा, त्याच्या मागं माजं नाव येता कामा न्हाई. आन तुज्या बाला सांग, ह्ये त्याला आदीच कळाय पायजे हुतं."

घरी येऊन अंकितानं वाळूत बोटानं बाण काढले. उदयसिंहांकडून नानासोंकडे. नानासोंकडून दिग्विजयकडे. दिग्विजयकडून पुन्हा उदयसिंहांकडे. मग तिनं बोट पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "हे सुटत नाही. कुणालाही पहिलं घ्या, एकजण उठणारच."

दाजी भडकले. "एवढी वर्सं शिकून ह्ये काडलंस? ह्ये तर गावातलं शेंबडं पोर बी सांगंल!"

"फेटेच नकोत मग," मी मधेच तोंड घातलं. "गुलाबाचं फूल द्या सगळ्यांना."

"फेट्याबिगर लगीन? बारसं हाय व्हय, मास्तर?"

अंकिता मात्र वाळूकडे बघत होती. "आप्पा, तिघांतलं कुणीच खोटं बोलत नाहीये, हे तरी कळलं ना? एका रांगेत बसवायला जातो म्हणून भांडण लागतं. वाळूत बघा काय उमटलंय."

वाळूत गोल उमटला होता.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या मधल्या खांबाला पाठ करून तीन खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. ज्याला ज्याच्या आधी यायचं होतं, तो बरोब्बर त्याच्या डाव्या हाताला. फेटेवालेही तीन, एकाच वेळी सुरू करणारे. उरला मायक. निवेदकाला अंकितानं सांगून ठेवलं होतं की बँड जोरात असताना सुरू करायचं आणि मधे श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. बँड उतरला तेव्हा ऐकू आलं ते असं, "उदयसिंह, नानासो, दिग्विजय, उदयसिंह, नानासो, दिग्विजय..." तो बिचारा फेट्यांचे तुरे निघेपर्यंत पुकारत राहिला. पाहुण्यांना वाटलं मायक अडकलाय. पण उदयसिंहांनी आपल्यामागोमाग नानासोंचं नाव ऐकलं, नानासोंनी दिग्विजयचं, दिग्विजयनं उदयसिंहांचं. तिघंही समाधानानं मिशीवर हात फिरवत होते. दिग्विजयला मिशी नाही, तरी फिरवत होता.

अक्षता पडल्या. अंकिताच्या मागं उभं राहून मी मामाचं काम केलं आणि मग हात धुताना आरशात बघितलं. माझं डोकं बोडकं.

मला मानापानाचं काही वाटत नाही, हे मी सांगितलंच आहे. पण आदल्या दिवशी मी केसांना कलप लावला होता, तो काय असाच? व्याह्याच्या ड्रायव्हरला फेटा, फोटोवाल्याला फेटा, आणि सख्खा मामा उघडा. मी कोठीघरात जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसलो. जेवायचं नाही, असं ठरवलं.

शालू सावरत अंकिताच आली. "मामा, इथं काय करताय?"

"तुझ्या त्या वाळूत मी कुठं होतो गं?" मी विचारलं. आवाज जरा चिरकला.

ती शेजारच्या पोत्यावर टेकली. मग म्हणाली, "मामा, बाण काढायला अट लागते. तुमची कधी अटच नव्हती. तुम्ही येणार नाही किंवा न जेवता जाल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिनं कोपऱ्यात उरलेला फेटा उचलला आणि मेंदीच्या हातांनी माझ्या डोक्याला गुंडाळला. तो एका कानावर आला, तुरा मागं गेला. मी असल्या ऐटीत बाहेर आलो की विचारू नका.

पंगत बसत होती. उदयसिंहांनी मान वर करून बघितलं. पानाकडे चाललेला त्यांचा हात थांबला. "व्हय रं नाथा, आमाला भाड्याच्या मानसाचा फेटा आन मास्तरला नवरीच्या हातचा?"

नानासोंनीही पान जरा पुढं सरकवलं. दिग्विजयनं दोघांकडे बघून आपलंही सरकवलं. दाजींचा चेहरा पांढरा पडला. अंकितानं माझ्याकडे बघितलं. सगळं गणित माझ्या डोक्यावर येऊन बसलं होतं.

मी फेटा काढला. काढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? तो कमरेला कसून बांधला आणि जिलेबीचं ताट उचललं. "आवं काका, ह्यो फेटा कुठला? वाढप्याचा पंचा हाय ह्यो. पोरीनं चुकून डोक्याला बांधला."

आधी दिग्विजय हसला, मग नानासो. उदयसिंह हसले नाहीत, पण पान जवळ ओढलं त्यांनी.

जिलेबी कुणापासून वाढायची, हा प्रश्न होताच. म्हणून बनुबाई नानासोंपुढं, मी दिग्विजयपुढं आणि दाजी उदयसिंहांपुढं, असे तिघं एकदम वाकलो. दाजींचा हात थरथरत होता. उदयसिंहांनी ती जिलेबी पानात पडूच दिली नाही, हातात घेऊन मोडली आणि म्हणाले, "सायकलीवर डबल सीट बसायचास, तवा बी असाच हलायचास तू."

दाजी रडले आणि हसले. जेवण झालं, अगदी ताकापर्यंत.

अंकिता जवळून जाताना हळूच म्हणाली, "बघितलंत, मामा? मॉडेल बरोबर होतं."

तो फेटा आता लोणंदला माझ्या कपाटात आहे. पाकाचे डाग पडलेत. बायको धुवायला मागते, मी देत नाही.