जिवंतांची बाजू

“कागद पूर्ण उघड आणि मगच लिही, अग्लाया. डावीकडे जिवंत, उजवीकडे गेलेले. नावाची बाजू चुकली की माणसाची वाट चुकते.” मी सात वर्षांची असताना आईने हे शिकवलं, आणि आजवर मी ते पाळलं. त्या बुधवारी वोरोनेतच्या मठात मात्र मी घडी उघडलीच नाही.

आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्या आम्ही आठजणी गावरिलच्या गाडीतून बुकोविना भागातले जुने रंगीत मठ बघायला निघालो होतो. नववी सवेता. तिच्या नवऱ्याचं, तोआदेरचं, त्याच दिवशी हृदयाचं ऑपरेशन, म्हणून ती मागे राहिली. निघताना तिने माझा हात धरून एवढंच मागितलं, की प्रत्येक मठात त्याचं नाव दे. संध्याकाळच्या प्रार्थनेत पाद्री चिठ्ठीवरची नावं वाचतात. जिवंतांच्या आयुष्यासाठी, गेलेल्यांच्या शांतीसाठी.

वोरोनेतच्या मठाबाहेर गावरिल भोंगा वाजवत होता. घरून लिहून आणलेली चिठ्ठी मी घडीसकट भिंतीला टेकवली, घाईघाईत शेवटी तोआदेरचं नाव घातलं आणि खिडकीतल्या जोगिणीकडे दिली.

पुढे तासभर डोंगर, गवताच्या गंज्या, लाकडी फळ्यांची छपरं. बायका गात होत्या. पुढच्या मठात, मोल्दोवित्साला, पोचल्यावर मी दुसरी चिठ्ठी लिहायला बसले आणि हात मध्येच थांबला. मघाशी तोआदेरच्या वर कुणाचं नाव होतं? इलिंका. म्हणजे माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तोआदेरचं नाव मी गेलेल्यांच्या बाजूला लिहिलं होतं.

मला एका जागी उभं राहवेना. फाटकापर्यंत जायची, परत यायची. शेवटी दोम्निकाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने कुठूनसा वोरोनेतचा नंबर मिळवला, चार वेळा लावला. कुणी उचलेना, जोगिणी गवत कापायला गेल्या असणार.

“अगं, इथे जिवंतांत लिहिलंस ना? मग झाली की फिट्टंफाट,” दोम्निका म्हणाली.

“एकीकडे जिवंत, एकीकडे मेलेला. मग त्याने उभं कुठे राहायचं?”

गावरिल टायरला लाथ मारून हवा बघत होता. मी परत जायचं का विचारल्यावर त्याने टोपी मागे सारली. “मावशी, देव काय कचेरीतला कारकून आहे, रकाना चुकला म्हणून अर्ज परत पाठवायला? घाट चढायचाय अजून, आठ जणींची जेवणं सांगून ठेवलीत पुढच्या मठात, सुचेवित्साला.” त्याचंही चूक नव्हतं. सात जणींचा दिवस माझ्या घाईपायी का बुडावा?

तेवढ्यात सवेताचा फोन आला. तोआदेरला आत नेलं होतं. दार बंद झालंय, आणि बाकावर मी एकटीच आहे, म्हणाली. मग आवाज बारीक करून विचारलं, “लिहिलंस ना गं त्याचं नाव?”

लिहिलं म्हणणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. दारासमोर बसलेल्या बाईला खरं कसं सांगू? मी म्हणाले, “सवेता, आज संध्याकाळी वोरोनेतला त्याचं नाव जिवंतांत वाचलं जाईल. शब्द देते.”

“तू आहेस म्हणून धीर आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेबारा झाले होते. प्रार्थना पाचला. वामा गावापर्यंत पंधरा किलोमीटर चाल, तिथून पुढे वोरोनेतकडे बस मिळते. बायका गाडीत चढत होत्या, पुढची जागा कुणाची यावरून थट्टा रंगली होती. मी दोम्निकाच्या कानात सांगितलं, की माझं जेवण तू खा, बुधवारच्या उपासाचं, बिनमांसाचंच आहे, सोयाबीनचे गोळे. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःची पाण्याची बाटली माझ्या पिशवीत टाकली आणि गावरिलला बोलण्यात गुंतवायला पुढे गेली.

मी रुमाल घट्ट बांधला आणि गाडीच्या मागून वामाकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागले.