पूर्वेला राक्षस, पश्चिमेला बहीण

शिंपीणबाईचा मळा सोमवारी भरदुपारी गेला. मळा मोबाइलमधला, खेळातला. पण गेला तो खऱ्यासारखाच. पासवर्ड टाकला, तर 'चुकीचा'. ज्या अनोळखी माणसाकडून तिने ते खातं विकत घेतलं होतं, त्यानेच 'पासवर्ड विसरलो' असं कंपनीला कळवून ते परत घशात घातलं होतं. तिने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: खातं विकता येत नाही, म्हणजे तुम्ही ते घेतलंच नाही, म्हणजे तुमचं काही गेलंच नाही.

नव्वदाव्या पातळीचे मळे पैशाला पासरी मिळाले असते. पण ह्याच मळ्याच्या बांधाला थोरल्या बहिणीचा मळा होता. आईच्या शिवणयंत्रावरून दोघींचा सहा वर्षं अबोला. रोज दुपारी ही परक्या नावाआड लपून थोरलीच्या भोपळ्यांना पाणी घाली. थोरली अजाणता हात जोडल्याचं चित्र पाठवी. पाणी जाई वेलाला, ओल येई हिच्या काळजाला.

ती वकिलाकडे गेली. वकिलाचा जन्म शेतजमिनीच्या दाव्यांत गेलेला. दुसरं त्याला काही येतच नव्हतं.

"मालकीचं सोडा, बाई. वहिवाट सिद्ध करू. पाणी कोण देत होतं?"

"मीच."

"झकास. चतुःसीमा सांगा. चारी अंगांना काय काय आहे? त्याशिवाय कोर्टाला जमीन दिसत नाही."

"पूर्वेला... राक्षस राहतो."

"कायमचा, की कुळ म्हणून?"

"कायमचा. उत्तरेला ढग. दक्षिण अजून उघडलेली नाही. पंच्याण्णवाव्या पातळीला उघडते."

"पडीक," वकिलाने लिहिलं. "पश्चिमेला?"

"बहीण," तिच्या तोंडून निसटलं.

"सख्खी? वा! लगतची शेजारीण म्हणजे हुकमी साक्षीदार. पत्ता द्या."

तिने बरेच आढेवेढे घेतले. पण मळा जीव ओढत होता. पत्ता दिला.

शुक्रवारी ती वकिलाच्या कचेरीत बसलेली असतानाच थोरली नोटीस फडकवत जिना चढून आली.

"माझ्या भोपळ्यांना पाणी घालणारा तो भला माणूस म्हणजे तू?"

"हो, ताई."

"अगं, मी त्याला हात जोडत होते!"

"पोचत होते मला."

थोरली मटकन खुर्चीत बसली. "सोमवारपासून फिरकला नाही, तर मला वाटलं, गेला की काय बिचारा." तिने नोटिशीनेच डोळे पुसले.

वकील खाकरला. "साक्षीदाराचं वादीशी बोलणं आहे का?"

"आहे. हे काय, आत्तापासून."

त्याने पेन खाली ठेवलं. "घात केलात! बोलणाऱ्या बहिणीची साक्ष म्हणजे पाण्यावरची रेघ. वैर असतं, तर कोर्टाने डोळे मिटून मानली असती. सुनावणीपर्यंत अबोला धरता येईल?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. केस केवढे पिकले होते तिचे!

"नाही जमायचं, वकीलसाहेब," ती म्हणाली. "जाऊ दे तो मळा."

दोघी जिना उतरू लागल्या.

"तरीच म्हटलं, भोपळे कुजतायत कशानं! एवढं पाणी ओततं का कुणी?"

"वेल मान टाकून पडला होता तुझा!"

"तुला मेलीला लहानपणापासून हात आवरत नाही."

"आणि तुला जीभ!"

वर वकिलाने कान टवकारले, दार किलकिलं केलं, आणि घाईघाईने कागदावर लिहिलं: 'वैर चालू आहे.'